मांजराची वाट

तिन्हीसांजेला परसदारी उभे राहून कोणीतरी मनीला हाका मारीत आहे, हे दृश्य मराठी घरांना अपरिचित नाही. हाकांचा क्रमही ठरलेला असतो. प्रथम नुसते नाव, मग तेच नाव लांबवून, मग बशीवर चमच्याचा आवाज, आणि अखेरीस थोड्या रागाने उच्चारलेले एखादे विशेषण. बहुधा पाचसहा मिनिटांत शेजारच्या कौलांवरून, पन्हळीला अंग घासत, जणू काही घडलेच नाही अशा चालीने मनी खाली उतरते. कोठे होती, कोणाकडे होती, उशीर का झाला, याचा जाब तिला विचारता येत नाही. परंतु एखाद्या संध्याकाळी बशीचा आवाज होऊनही कौलांवर कोणी दिसत नाही. त्या संध्याकाळी घराला एक गोष्ट पहिल्यांदाच उमगते. वर्षानुवर्षे आपल्या चुलीशी निजणारा हा जीव दिवसातले कित्येक तास कोठे घालवतो, हे घरातल्या कोणालाही ठाऊक नाही.

मराठीने 'वाट' हा एकच शब्द दोन कामांना लावला आहे. मांजर ज्या मार्गाने जाते ती त्याची वाट. आणि ते परतेपर्यंत माणूस दारात बसून पाहतो तीही त्याचीच वाट. पहिली वाट मांजराला ठाऊक असते, दुसरी माणसाच्या वाट्याला येते. साखळीला सरावलेला कुत्रा दिसेनासा झाला की काही विपरीत घडले हे तत्काळ समजते. मांजराचे तसे नाही. जाणे हा त्याचा नित्यक्रम आणि परतणे ही त्याची मर्जी. त्यामुळे 'गेले आहे' या वाक्याचे 'हरवले आहे' हे वाक्य नेमके कोणत्या प्रहरी होते, हे मांजर पाळणाऱ्याला सांगता येत नाही. त्या संक्रमणाची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. एका जपानी लेखकाने ती ठेवली, म्हणून टोकियोतल्या एका बोक्याचे जाणे इतक्या दशकांनंतरही तारखेनिशी सांगता येते.

उचिदा ह्याक्केन (१८८९-१९७१) हे त्या लेखकाचे नाव. ओकायामा येथे साके बनवणाऱ्या घराण्यात ते जन्मले आणि पुढे नात्सुमे सोसेकी यांच्या शिष्यपरिवारात आले. सोसेकींनी १९०५-०६ मध्ये एका निनावी मांजराच्या तोंडून माणसांची टवाळी करणारी कादंबरी लिहून कीर्ती मिळवली होती. ह्याक्केन जर्मन भाषा शिकवीत, लघुनिबंध लिहीत, आणि काही काम नसताना केवळ आगगाडीत बसण्यासाठी प्रवासाला निघत. विनोद कोरडा, स्वभाव हट्टी. १९६७ साली जपानच्या कला अकादमीचे सदस्यत्व त्यांनी नाकारले, आणि नको वाटते म्हणून नको, यापलीकडे कारण दिले नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांचे मात्र त्यांच्यावर विलक्षण प्रेम होते. अकिरा कुरोसावा यांचा १९९३ सालचा शेवटचा चित्रपट 'मादादायो' हा याच गुरुशिष्यांच्या स्नेहावर उभा आहे. दरवर्षी वाढदिवसाला जमून विद्यार्थी गुरुजींना विचारीत, "तयारी झाली का?" म्हणजे परलोकाची. गुरुजी चषक रिता करून उत्तर देत, "अजून नाही." चित्रपटाच्या नावाचा अर्थ तोच आहे.

१९४५ सालच्या मे महिन्यात झालेल्या हवाई हल्ल्यात ह्याक्केन यांचे घर जळाले. काही वर्षे त्यांनी पत्नीसह एका झोपडीवजा खोलीत काढली. नंतर टोकियोच्या कोजिमाची भागात लहानसे घर बांधले. त्या घराच्या बागेत एका भटक्या मांजरीचे पिल्लू येऊ लागले. मांजर पाळावे असा घरचा काही बेत नव्हता. परंतु बशी एकदा ठेवली की बेत मांजर ठरवते. पिल्लाचे नाव पडले नोरा. जपानी भाषेत भटक्या मांजराला 'नोरानेको' म्हणतात, त्यातला हा अर्धा शब्द. नोरा बोका होता, आणि इब्सेनच्या नोराशी त्याचा संबंध नाही, असा खुलासा ह्याक्केन यांनीच केला आहे. तरीही ज्या नाटकावरून अनंत काणेकरांनी मराठीत 'घरकुल' रचले, त्याच्या शेवटी दार लावून घराबाहेर पडणारी नायिका इथे आठवल्यावाचून राहत नाही. नाव ठेवणाऱ्याने नाकारलेला अर्थ बोक्याने खरा केला.

२७ मार्च १९५७ रोजी दुपारी नोरा बागेतल्या दाट झुडपांमधून पलीकडे गेला. रोज जात असे तसाच गेला. रात्री आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. तेव्हा ह्याक्केन ६७ वर्षांचे होते. मोठमोठ्यांना न जुमानणारा, लोकांच्या भावविवशतेची थट्टा करणारा लेखक अशी त्यांची ख्याती होती. तो मनुष्य अंघोळघरात जाऊन रडू लागला. नोरा त्यांच्या न्हाणीच्या लाकडी झाकणावर निजत असे. आता त्या झाकणाकडे पाहवेना, म्हणून कित्येक दिवस त्यांनी अंघोळच केली नाही. नोराला सुशीबरोबरचे अंड्याचे गोड काप आवडत, म्हणून घरी सुशी मागवणे बंद झाले. ही सर्व हकिगत त्यांनी रोजनिशीसारखी लिहून काढली आणि 'नोरा या' या नावाने तिचे पुस्तक झाले. 'या' हा तेथील हाकेतला प्रत्यय आहे. मराठीत सांगायचे तर 'नोरा रे!' पुस्तकाचे नाव हीच एक हाक आहे.

शोधाचे जे जे मार्ग त्या काळी उपलब्ध होते, ते सर्व त्यांनी चोखाळले. वर्तमानपत्रात जाहिरात दिली. बोक्याचे वर्णन छापलेली पत्रके हजारोंच्या संख्येने काढून ती वर्तमानपत्रांच्या घड्यांत घालून घरोघर पोचवली. त्या भागात परदेशी लोकांची वस्ती होती, म्हणून इंग्रजीतही पत्रक काढले. असाच एखादा बोका पाहिल्याचे निरोप येत. कोणीतरी धावत जाई. तो नोरा नसे. काही वाचकांनी सहानुभूतीची पत्रे पाठवली, तर काहींनी चेष्टा करण्यासाठी फोन केले. शामिसेन हे तंतुवाद्य मढवण्यासाठी मांजराचे कातडे वापरण्याची प्रथा असलेल्या देशात अशा चेष्टेला किती धार असू शकते, याची कल्पना करता येते. हरवलेले मांजर परत यावे म्हणून नवव्या शतकातील कवी आरिवारा नो युकिहिरा यांची निरोपाची एक जुनी कविता कागदावर लिहून ठेवण्याचा लोकाचारही जपानात आहे. देवाला नारळ बोलणाऱ्या मराठी माणसाला त्याचे नवल वाटणार नाही.

या साऱ्या उपायांत एक साम्य आहे. जाहिरात असो, पत्रक असो वा पोलिसांतली नोंद असो, प्रत्येकाला मध्ये दुसरा मनुष्य लागतो. कोणीतरी अनोळखी व्यक्तीने ते मांजर पाहिले पाहिजे, ओळखले पाहिजे आणि सांगण्याची तसदी घेतली पाहिजे. मांजराकडून थेट काही कळण्याची सोय तेव्हा नव्हती.

ती सोय पुढे झाली. १९६३ साली अमेरिकेत विल्यम कॉकरन आणि रेक्सफर्ड लॉर्ड यांनी सशासारख्या लहान प्राण्यांवर बांधता येईल अशा रेडिओ-प्रक्षेपकाची पद्धत प्रसिद्ध केली. हातात अँटेना धरून, संदेश कोणत्या दिशेने अधिक ठळक ऐकू येतो हे पाहत रानोमाळ चालायचे, अशी ती कष्टाची विद्या होती. आणि ती मुख्यतः वन्यप्राण्यांच्या अभ्यासकांपुरती राहिली. मे २००० मध्ये अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या नागरी संदेशांत हेतुपुरस्सर ठेवलेली अस्पष्टता काढून टाकली. शंभर मीटरपर्यंत चुकणारी स्थाननिश्चिती त्यामुळे सुमारे वीस मीटरांवर आली. पुढे यंत्र लहान होत गेले आणि मांजराच्या गळ्यात मावू लागले. उंदरांच्या सभेपासून अनुत्तरित राहिलेला प्रश्न, मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, असा अचानक सुटला. घंटा माणसाने बांधली; आणि ती उंदरांना ऐकू न जाता माणसाच्याच खिशात वाजू लागली.

तिच्यातून जे ऐकू आले ते अनपेक्षित होते. २०१३ साली इंग्लंडच्या सरी परगण्यातील शॅमली ग्रीन या खेड्यात रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी बीबीसीच्या एका कार्यक्रमासाठी ५० पाळीव मांजरांच्या गळ्यात असे पट्टे बांधले. मालकांच्या समजुतीप्रमाणे ही मांजरे रात्री शेतेरानांत मुशाफिरी करीत असावीत. प्रत्यक्षात बरीचशी मांजरे घराच्या आसपासच घोटाळत होती. त्यांतली काही तर खुशाल दुसऱ्यांच्या घरांत शिरून तेथल्या मांजरांचे अन्न खात होती. सात घरे फिरते ते मांजर, ही आपल्याकडची समजूत इंग्लंडच्या नकाशावर अशी उमटली. पुढे २०२० साली सहा देशांतील ९२५ पाळीव मांजरांच्या भ्रमंतीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका मांजराचा वावर सरासरी ३.६ हेक्टर, म्हणजे सुमारे नऊ एकरांत सामावत होता. एक चौरस किलोमीटरपेक्षा अधिक प्रदेश पालथा घालणारी मांजरे ९२५ पैकी केवळ तीन निघाली. या लहान प्रदेशात ती शिकार मात्र करीत होती. मालकांनी नोंदवल्याप्रमाणे महिन्याला सरासरी साडेतीन जीव. म्हणजे मांजराचा अज्ञात प्रवास बव्हंशी शेजारच्याच अंगणात घडत होता. अज्ञात होते ते अंगण, आणि तेही फक्त माणसाला.

हरवलेल्या मांजरांविषयीही असेच काहीसे आढळले. 'ॲनिमल्स' या शोधपत्रिकेत २०१८ साली १२१० हरवलेल्या मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जी सापडली, त्यांचे सापडण्याचे ठिकाण आणि सुटण्याचे ठिकाण यांतले मध्यक अंतर केवळ ५० मीटर होते. चारांपैकी तीन मांजरे ५०० मीटरांच्या आत मिळाली. बाहेर हिंडण्याची सवय असलेली साहजिकच अधिक दूर सापडली. घरातच वाढलेली बहुधा शेजारच्या आडोशालाच दडून होती. सुमारे एक तृतीयांश मांजरे पहिल्या सात दिवसांत जिवंत हाती लागली, वर्षभरात सुमारे ६१ टक्के. नव्वद दिवसांनंतर जिवंत मिळालेली अगदी थोडी. आणि प्रत्यक्ष पायी हिंडून, वाकून, आडोसे धुंडाळून केलेल्या शोधाने मांजर जिवंत मिळण्याचा संभव वाढतो, असे अभ्यासकांना दिसले.

पन्नास मीटर म्हणजे किती? शहरातल्या एखाद्या सोसायटीत ते दुसऱ्या इमारतीच्या जिन्याइतके. वाड्यात ते तीन बिऱ्हाडांपलीकडे. एवढ्या टप्प्यात असलेले मांजर हाकेला ओ का देत नाही, हा प्रश्न घायाळ करणारा असतो. आणि त्याचे उत्तर कृतघ्नतेत नसून भीतीत असते. भ्यालेले मांजर लपते, आणि लपलेले मांजर गप्प राहते, कारण आवाज करणे म्हणजे शत्रूला जागा दाखवणे, एवढेच त्याच्या देहाला त्या वेळी ठाऊक असते. आपले नाव इतर शब्दांपासून मांजरांना वेगळे ओळखू येते, हे जपानमधील अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवून दिले. नाव ओळखणे आणि हाकेला येणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा मोटारींखाली वाकून पाहणे, पाण्याच्या टाकीमागे, माळ्यावरच्या अडगळीत, बंद दुकानाच्या शटरशी कान लावणे, गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थापटणे, रात्री सारे निजल्यावर विजेरी घेऊन निघणे, हेच खरे शोधाचे काम. अंधारात विजेरीचा झोत फिरवला की मांजराच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्यावरून प्रकाश उलटून येतो आणि दोन हिरवट ठिपके चमकतात. दिवसा दहा वेळा पाहिलेल्या ढिगाऱ्यातून ते ठिपके रात्री उमटतात.

या कामासाठी माणसाला आपल्या गल्लीतल्या ज्या लोकांची गरज लागते, त्यांच्याशी तो एरवी बोललेला नसतो. पहाटे दूध टाकणारा, रात्रपाळीचा वॉचमन, जिना झाडणारी बाई, मासळीच्या टोपलीमागे मांजरांची रांग घेऊन हिंडणारी कोळीण, यांना मांजराचा दिनक्रम मालकापेक्षा अधिक ठाऊक असतो. "तुमची होय ती? आमच्याकडं तर रोज दुपारी येती," असे एखाद्या अनोळखी दारात ऐकावे लागते. आपण मनी म्हणतो तिला तेथे दुसऱ्याच नावाने हाक मारतात, हे समजते. क्षणभर फसवणूक झाल्यासारखे वाटते; नंतर लक्षात येते की आपल्या मांजराने आपल्याला न सांगता शेजारी जोडून ठेवले होते.

मग उपकरणाचे काम कोणते? खरे सांगायचे तर मर्यादित. उपग्रहाचा संदेश घेणाऱ्या पट्ट्याला रोज वा एक-दोन दिवसांआड भारित करावे लागते. जाड भिंतींच्या आड, तळघरात त्याची नजर मंदावते. आणि फांदीत अडकल्यास गळफास बसू नये म्हणून पट्ट्याची कडी ओढ लागताच सुटणारी असावी लागते, म्हणजे तो हरवण्याची शक्यता सोबतच येते. स्वस्त आणि हलकी अशी जी दुसऱ्या प्रकारची चकती मिळते, ती स्वतः आपले स्थान जाणत नाही. जवळून जाणाऱ्या अनोळखी माणसांच्या मोबाइलला ती आपली चाहूल देते आणि त्यांच्यामार्फत निरोप घरी पोचतो. ह्याक्केन यांच्या पत्रकाचेच हे नवे रूप. वाटसरूला आता वाचण्याचीही तसदी नाही, एवढाच फरक. ज्या गल्लीत रात्री कोणी फिरकत नाही, तेथे ती चकतीही मुकी.

तांदळाच्या दाण्याएवढी जी चिप मांजराच्या खांद्यांमधल्या कातडीखाली टोचतात, तिच्याविषयी तर बराच गैरसमज आहे. तिच्यात विजेचा साठा नसतो आणि ती मांजराचा ठावठिकाणा कोणालाही सांगत नाही. यंत्र अगदी जवळ धरले तर पंधरा अंकी क्रमांक तेवढा ती उच्चारते. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजरांना ही चिप सक्तीची झाली आहे. तिचे मोल कळते ते मांजर कोणाच्या तरी हाती लागल्यावर. २०१२ सालच्या नोव्हेंबरात फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे प्रवासात हॉली नावाची मांजरी हरवली. दोन महिन्यांनी, सुमारे ३२० किलोमीटर अंतर तोडून, झिजलेल्या पायांनी ती वेस्ट पाम बीच येथे आपल्या घरापासून मैलभरावर आली आणि तेथे तिची शक्ती संपली. एका कुटुंबाने तिला उचलून दवाखान्यात नेले, चिपचा क्रमांक वाचला गेला आणि ती घरी पोचली. शेवटचा एक मैल चिपने तोडला. आधीचे अंतर तिने कोणत्या खुणांवर तोडले, याचा उलगडा झालेला नाही. फ्रान्सिस हेरिक यांनी १९२२ साली एका मांजरीला पिल्लांपासून काही मैल दूर नेऊन सोडण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. ती परत येत राहिली. कशी, हे तिने त्यांनाही सांगितले नाही.

नोराच्या गळ्यात असा पट्टा असता तर? हा प्रश्न आज कोणाच्याही मनात येईल. तो महिना मार्चचा होता, आणि नोरा वयात आलेला बोका होता. जपानी हायकूच्या परंपरेत 'मांजरांचे प्रेम' हा वसंतारंभाचा संकेत मानला जातो, इतकी त्या दिवसांतली त्यांची आर्त ओरड सर्वपरिचित आहे. खच्चीकरण न झालेले बोके या काळात नेहमीची हद्द ओलांडतात. त्यांना त्या वाटेवर झुंजी भेटतात, रस्ते भेटतात. म्हणून मांजराची शस्त्रक्रिया वेळीच करून घेणे हा त्याच्या शोधाचा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत आधीचा उपाय आहे, असे म्हणता येईल. पट्टा असता तर कदाचित पहिल्याच रात्री नोरा सापडला असता. कदाचित तो ठिपका एखाद्या रस्त्याच्या कडेला स्थिर झालेला दिसला असता.

काही रसिक म्हणतात की मांजराचे गूढ अबाधित राहावे, त्याच्या मागे यंत्र लावणे ही अरसिकता आहे. असे म्हणणारा सहसा रात्री दोन वाजता दार उघडे ठेवून बसलेला नसतो. 'नाही' हा शब्द कठोर असला तरी त्याला अंत आहे; माणूस रडतो, खड्डा खणतो, वर एखादे रोप लावतो. 'अजून नाही' या शब्दांना अंत नाही. वाढदिवसाच्या मेजवानीत मृत्यूला हुलकावणी देणारे ते दोन शब्द आनंदाचे होते. तेच शब्द नोराच्या बाबतीत ह्याक्केन यांना वर्षानुवर्षे कोरड्या ओठांनी म्हणावे लागले. 'नोरा अजून परतलेला नाही' अशा अर्थाचे शीर्षक त्यांच्या एका लेखाला आहे. दरम्यान नोरासारखाच दिसणारा एक दुसरा बोका बागेत आला. त्याचे शेपूट आखूड होते, म्हणून जर्मनच्या या अध्यापकाने त्याला 'कुर्त्स' म्हणजे 'आखूड' असे नाव दिले. त्याने पाच वर्षे सोबत केली आणि १९६२ च्या ऑगस्टमध्ये तो घरातच वारला. त्याच्या मरणाचे दुःखही मोठे होते. परंतु कुर्त्ससाठी दार उघडे ठेवावे लागले नाही. दोन बोक्यांच्या दोन दुःखांत हा भेद आहे, आणि पट्टा, चकती, चिप या साऱ्या खटाटोपाचे खरे समर्थन या भेदात आहे. ती साधने मांजराला बांधून ठेवीत नाहीत. फार तर 'अजून नाही'चा काळ थोडा आखूड करतात.

आखूड करतात, नाहीसा करीत नाहीत. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी भक्तीचे दोन मार्ग सांगितले आहेत. वानराचे पिल्लू आईला घट्ट कवटाळते; मांजरीचे पिल्लू अंग सैल सोडते आणि आई त्याला तोंडात धरून नेते. मांजर पाळणाऱ्याचा घोटाळा असा होतो की मांजरावर त्याला मर्कटन्यायाने प्रेम करायचे असते. उंच इमारतींतली मंडळी खिडक्यांना जाळ्या लावून मांजराला घरात ठेवतात. वाहनांच्या गर्दीत, मोकाट कुत्र्यांच्या वस्तीत ते शहाणपणाचेही असते. पक्ष्यांच्याही हिताचे असते. तरी एखाद्या दिवशी निरोप्यासाठी दार किलकिले होते आणि पायांमधून काहीतरी सळसळत निघून जाते. मग तीच पन्नास मीटरांची अज्ञात भूमी, तीच विजेरी, तीच हाक.

या हाकेविषयी अखेरचे एक सांगण्यासारखे आहे. २०२१ साली क्योतो येथील साहो ताकागी आणि सहकाऱ्यांनी पाळीव मांजरांवर एक साधा प्रयोग केला. मांजर खोलीत एकटे असताना मालकाचा आवाज आधी एका ठिकाणाहून ऐकवला आणि लगेच दुसऱ्याच दूरच्या ठिकाणाहून. एवढ्या अल्पावधीत माणूस तेथे पोचणे शक्य नव्हते. मांजरे चकित झाली. त्यावरून अभ्यासकांनी असे अनुमान काढले की माणूस दिसत नसतानाही तो या क्षणी कोठे आहे, याचा एक नकाशा मांजर केवळ आवाजावरून मनात बाळगीत असते. उपग्रह, पट्टे, चकत्या हे सारे मांजराचा माग काढण्यासाठी माणसाने रचले. आणि मांजर मात्र डोळे मिटून, उशीवर पडल्या पडल्या, काहीही न बांधता माणसाचा माग ठेवीत आले आहे.

म्हणून परसदारी उभे राहून मारलेली हाक अगदीच वाया जात नसावी. भ्यालेले मांजर त्या हाकेला ओ देणार नाही, आडोशातून बाहेरही येणार नाही. परंतु रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागेवरून, ओळखीच्या स्वरात नाव उच्चारले गेले, तर घर कोणत्या दिशेला आहे एवढे त्या अंधारात कोणाला तरी कळत राहण्याचा संभव आहे. कोजिमाचीच्या लहान बागेत उभा राहून एक हट्टी म्हातारा "नोरा या, नोरा या" असे म्हणत होता, तेव्हा आपण बोक्याला शोधतो आहोत अशी त्याची समजूत असेल. खरे तर तो आपला पत्ता सांगत होता.